मुका प्लेयर द्यायचा नव्हता

तो रेकॉर्ड प्लेयर शोपीस नाही. वाजतो.

काल नामदेवभाऊजींच्या तेरवीच्या जेवणात एकाने मला विचारलं, "काकू, तुमच्या घरी तो जुना डबा शोला ठेवला काय?"

म्हणून लिहायला बसले. नीट वाचा.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दिघोरीला धानाची शेती. मी भंडाऱ्याला.

प्लेयर माझ्या नवऱ्याचा, प्रभाकरांचा. ते गेले आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. बेल्ट वितळून चिकट झाला, सुई बोथट.

एका हॉटेलवाल्याला तो काउंटरवर सजावटीला हवा होता. मी हो म्हटलं होतं.

भाऊजींना कळलं. तडक आले. चहासुद्धा घेतला नाही.

"वहिनी, दादाची वस्तू मुकी देऊ नोका. वाजती करू, मंग कोनालेही द्या."

"करणार कोण? इथे याचा मेकॅनिक नाही."

"आपन दोघं आहो ना."

दोघांनाही काही येत नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, बेल्ट ऑनलाईन मागवला. सुई ज्यात बसते ती कार्ट्रिजही जुन्यापेक्षा चांगली घेतली. तिच्या चार वायरी केसासारख्या. भाऊजींचे हात थरथरायचे, म्हणून वायरी मी जोडल्या. ते टॉर्च धरायचे आणि सूचना करायचे. सूचना जास्त, उजेड कमी.

रेकॉर्ड ठेवतात ती फिरती तबकडी खालून करकरत होती. मी स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात भाऊजींनी तिच्या बेअरिंगमध्ये तेल सोडलं.

जवसाचं. त्यांनीच मला आणून दिलेल्या बाटलीतलं, घरचं. धानामागे जवस पेरायचे, त्याचं तेल त्यांना चटणीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे चालायचं.

चार दिवस तबकडी लोण्यासारखी फिरली. मग जाम.

जवसाचं तेल हवेत सुकतं. आत गोंद झाला होता.

"भाऊजी, हे मशीन आहे! चटणी नाही!"

"रागावता कायले वहिनी? बंडीच्या चाकाले चालते, त याले काहून नाही?"

"बैलबंडीवर रेकॉर्ड लावता का तुम्ही?"

"तुमी लावून द्याल त ऐकीन."

मी हसले. प्रभाकर गेल्यावर या घरात पहिल्यांदा.

सगळं पुन्हा उघडलं. रॉकेलने बेअरिंग धुतलं, शिलाई मशीनचं तेल घातलं. घरभर वास. सुनेने खिडक्या उघडल्या.

मग प्रभाकरांची आवडती भजनांची रेकॉर्ड लावली.

वाजली.

त्या रेकॉर्डवर एक ओरखडा आहे. सुई तिथे अडकते, एकच शब्द परत परत येतो. प्रभाकर वर्तमानपत्रातून मान वर न करता टेबलावर बोट आपटायचे, की सुई पुढे सरकायची.

या वेळीही अडकली.

मी काही बोलायच्या आत भाऊजींनी टेबलावर बोट आपटलं. तेच बोट. तसंच, मान खाली घालून.

ती बाजू आम्ही शेवटपर्यंत ऐकली.

मग ते म्हणाले, "झाला वाजता. आता द्याचा त द्या."

हॉटेलवाल्याला मी त्याच दिवशी 'देणार नाही' म्हणून कळवलं.

त्यानंतर भाऊजी भंडाऱ्याला कामाने आले की माझ्याकडे थांबायचे. एक रेकॉर्ड, एक कप चहा. शेवटी शेवटी जिना चढताना दम लागायचा, तरी यायचे. माझं घर पुन्हा बोलकं झालं ते त्यांच्यामुळे. हे त्यांना तोंडावर सांगायची मला सवय नाही. इथे सांगते.

आज सकाळी त्यांची मुलगी सुमन आली. म्हणाली, "मोठी आई, बाबाचा आवाज त नाही राह्यला. तो प्लेयर मले देशीन का?"

दिला.

प्लेयर, नवीन कार्ट्रिजसकट. जास्तीचा एक बेल्ट. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. भजनांची ती रेकॉर्ड.

उचलू देण्याआधी बेल्ट तिच्याकडून काढून घेतला आणि तिलाच परत चढवायला लावला. ओरखडा आला तेव्हा टेबलावर बोट कुठे आपटायचं ते दाखवलं. पहिल्यांदा हळू आपटलं तिने. दुसऱ्यांदा सुई सरकली.

जवसाच्या तेलाची बाटली मी ठेवून घेतली आहे. चटणीसाठी.

भाऊजी, तुमच्या दादाची वस्तू वाजती दिली.

आता निवांत निघा. या.