काचेला हात लागला पाहिजे

काशीदपासून रेवसपर्यंतच्या किनाऱ्यावर जितक्या म्हणून काचा आहेत, तितक्या सगळ्यांवर आमच्या भावोजींचा राग आहे, आणि त्या काचा ज्यांनी लावल्या त्यांच्यावर तर त्याहून जास्त. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशा काचा पुसण्याचा. समुद्राकडे तोंड करून भिंतीच्या जागी काच लावायची, शनिवार-रविवार राहून निघून जायचं, आणि खारा वारा खाऊन खाऊन ती काच आंधळी झाली की भावोजींना फोन करून विचारायचं, काच एवढी खराब होते तरी कशी. हा प्रश्न ऐकला की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. समुद्र तिथे तुमच्या आधीपासून आहे, एवढंच ते सांगतात आणि फोन ठेवतात; उरलेलं उत्तर मला ऐकावं लागतं. मी त्यांच्या हाताखाली काम करतो. म्हणजे शिडी धरतो, बादली भरतो आणि त्यांचा राग ऐकून घेतो. यातलं शेवटचं काम सगळ्यात जड आहे. त्यांचे वडील पेणकडे मिठागरात राबले, आणि भावोजी जन्मभर काचेवरचा खार काढत आले. "बापाचं मीठ बाजारात तरी जायचं," ते म्हणतात, "माझं बादलीत जातं." हेही ते असं म्हणतात, की जणू बादली मीच शोधून काढली.

मळकी काच त्यांना सहन होत नाही, मग ती कुणाच्याही मालकीची असो. चहाच्या टपरीवर बिस्किटांची बरणी पुसल्याशिवाय ते चहाला तोंड लावत नाहीत. बँकेत गेले तर आधी कॅशियरच्या समोरची काच पुसतात आणि मग आपलं काम सांगतात. आमच्या चुलतभावाच्या लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना भटजींच्या नाकावरचा चष्मा उतरवला, खिशातल्या फडक्याने स्वच्छ केला आणि परत नाकावर बसवून दिला. भटजी भले गृहस्थ. जेवताना मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, पोथी इतकी स्पष्ट कधीच दिसली नव्हती. यावर कुणीही खूश झालं असतं. भावोजी भडकले. मग आजवर एवढी लग्नं कशाच्या जोरावर लावली, असं त्यांनी भर पंगतीत विचारलं, आणि ज्यांची लग्नं त्याच भटजींनी लावली होती अशा बऱ्याच बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायला लागल्या.

पण या सगळ्या रागांचा राजा म्हणजे डेमोवरचा राग. आमच्या धंद्यात आता कंपन्यांची माणसं येतात, एखाद्या हॉटेलच्या हिरवळीवर मांडव घालतात, काचा पुसणाऱ्यांना बोलावतात, टोपी देतात, चहा-वडे देतात आणि नवीन यंत्र चालवून दाखवतात. भावोजी एकही डेमो चुकवत नाहीत. रागाला वर्षभर पुरेल एवढं सामान तिथे मिळतं. त्यांचं म्हणणं असं, की डेमोची काच सकाळपासून तीनदा पुसून ठेवलेली असते. तिच्यावर हळद-कुंकवासारखी चिमूटभर धूळ टाकतात आणि तेवढी पुसून दाखवतात. डेमो देणाऱ्याचे बूट बघ, असं ते मला सांगतात. बाह्या बघ. "ज्याचं कोपर सुकं, तो काच पुसत न्हाय, काच विकतो." आणि डेमो कधीही भरतीच्या वाऱ्यात का ठेवत नाहीत, हा प्रश्न त्यांनी आजवर प्रत्येक कंपनीला विचारलेला आहे. अजून कुणीही त्याचं समाधानकारक उत्तर दिलेलं नाही, हे मात्र मलाही मान्य करावं लागतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माणगावला हायवेलगतच्या एका हॉटेलात पाण्याच्या पोलाचा डेमो होता. पोल म्हणजे लांबच लांब पोकळ दांडा. टोकाला ब्रश, दांड्यातून पाइप, आणि पाइपच्या मागे फिल्टरची टाकी. पाणी इतकं गाळून शुद्ध केलेलं, की काचेवर आपोआप सुकलं तरी डाग राहत नाही. माणूस जमिनीवर उभा राहतो, ब्रश दुसऱ्या मजल्यावर फिरतो, आणि पुसायचं काहीच नाही. पुसायचं नाही, हे शब्द आमंत्रणाच्या फोनवर ऐकून भावोजींना आदल्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले ते एक आख्खी खिडकी घेऊन. काशीदच्या एका बंद बंगल्याच्या खिडकीची झडप राखणदाराला सांगून उतरवली होती. पावसाळाभर समुद्राकडे तोंड करून राहिल्यामुळे तिच्यावर पापडासारखा खार चढलेला. ही काच त्यांनी पुसून दाखवावी, म्हणाले, मग बोलू. मुरूडहून रोहा आणि रोह्याहून माणगाव असा तिचा एसटीतून प्रवास झाला. तडा जाऊ नये म्हणून भावोजींनी तिला बसायची जागा दिली आणि स्वतः उभे राहिले. कंडक्टरने खिडकीलाच खिडकीची सीट कशाला, असं विचारलं, तेव्हा भावोजींनी त्याला मागची काच शेवटची कधी पुसली होती ते विचारलं. तो पुढे निघून गेला.

डेमोला अलिबागचे, महाडचे, पेणचे असे आमच्यासारखे बरेच जण आले होते आणि प्रत्येकाला पोलाबद्दल काही ना काही म्हणायचं होतं. गुडघे गेलेल्यांना तो देवाने पाठवल्यासारखा वाटत होता. एकाला धास्ती होती, की खालूनच पुसायचं म्हटल्यावर हॉटेलवाले माळ्याच्याच हातात दांडा देतील आणि आपल्याला घरी बसवतील. मला स्वतःला पाण्याचा राग आला. तो फिल्टर शुद्ध पाणी देताना बाकीचं पाणी नळीने गटारात सोडत होता, आणि आमच्याकडे मे महिन्यात बायका टँकरची वाट बघत रस्त्यावर हंडे मांडून बसतात. मी तसं बोललोही. कंपनीचे साहेब म्हणाले, ते पाणी बागेला वापरता येतं. कुणाच्या बागेला, असं मी विचारलं, तोवर त्यांनी वडे मागवले.

भावोजींनी आपली खिडकी मध्यभागी नेऊन उभी केली. पोल चालवायला महाडकडची एक मुलगी होती. कंपनीचा टी-शर्ट घातलेला, आणि बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. भावोजींच्या हे लक्षात आलं, कारण त्यांनी मला बाह्या बघ म्हणून सांगितलं नाही. तिने खार बघितला, बराच वेळ ब्रश फिरवला, वरून पाणी सोडलं आणि म्हणाली, आता सुकू दे. भावोजींचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला.

"काका, हात नका लावू," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काचेला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. ते हात मागे बांधून उन्हात उभे राहिले. काच सुकली. त्यांनी ती पुढून बघितली, मागून बघितली, तिरकी करून बघितली, नाक लावून तिचा वास घेतला. काच लख्ख होती. खार तर गेलाच होता, वर कुठे पाण्याचा ओघळसुद्धा नव्हता. लोक भावोजींकडे बघत होते. "काच साफ हाय," शेवटी ते म्हणाले. "पन हिला मानसाचा हात लागला न्हाय." कुणीतरी हसलं. ती मुलगी मात्र हसली नाही.

पोल खोटा निघाला असता तर भावोजी शांत झाले असते. तो खरा निघाला, त्यामुळे रोह्यापर्यंत त्यांच्याशेजारी बसवेना. पाणी खारापेक्षा हट्टी कसं असू शकतं, दांडा वाकत कसा नाही, मुलीला पगार तरी नीट देतात का, या सगळ्याचा जाब त्यांनी मला विचारला. आणि मग, गणपतीच्या आधी बंगले उघडायच्या दिवसांत, शेवाळलेल्या लाद्यांवरून त्यांची शिडी सरकली. मी शिडी धरलेली होती, पण माझ्यासकट सरकली. भावोजी पायरीवर पडले आणि मनगट मोडलं. अलिबागला प्लास्टर घालून आणलं, तेव्हा ताई दारातच उभी होती. ती ओरडली नाही. एक तर या घरात शिडी राहील नाहीतर मी राहीन, एवढंच म्हणाली. भावोजींनी उत्तर द्यायला जरा उशीर केला, तो ताई अजून विसरलेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने शिडी गावातल्या सुताराला देऊन टाकली आणि महाडच्या त्या मुलीला फोन करून परस्पर पोल मागवला. मे महिन्यात तो बाहेर काढायचा नाही, अशी अट मी घातली, आणि ती तेवढी भावोजींनी आनंदाने मान्य केली.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही पोल घेऊन कामाला लागलो. माझ्या आयुष्यातले इतके कडू दिवस मी पाहिलेले नाहीत. भावोजी ब्रशला शिव्या घालत, पाइपला लाथ मारत, मान वर करून करून मानेवरही रागावत. "जनमभर काच माझ्या नजरेला नजर देऊन बोलली," ते म्हणायचे. "आता मी खालून तिची हनुवटी बघायची."

अशात आम्ही नांदगावच्या वाटेवरच्या एका बंगल्यावर गेलो. तिथे वरच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या आजी राहत. मुलं मुंबईत, आजी अंथरुणाला खिळलेल्या, सोबतीला एक सांभाळणारी बाई. पलंग खिडकीला लागून, आणि खोलीत एसी असल्यामुळे खिडकी कायम बंद. या आजींचं आणि भावोजींचं वर्षानुवर्षं भांडण होतं, तेही काचेतून, खुणांनी. आजी काठीने डाग दाखवायच्या, भावोजी हातवारे करून सांगायचे की तो आतून आहे. आजी मान हलवायच्या, भावोजी कपाळावर हात मारायचे. पूर्ण किनाऱ्यावर असं भांडखोर गिऱ्हाईक नाही, असं ते सांगत, आणि ती खिडकी मात्र सगळ्यात शेवटी घेत, म्हणजे घाई नको.

त्या दिवशी भावोजींनी खालूनच ब्रश लावला. आजींना ब्रश दिसला असणार, पाणी दिसलं असणार, माणूस दिसला नाही. थोड्या वेळाने सांभाळणारी बाई खाली आली. अवघडून म्हणाली, आजी विचारतायत, काचवाले गेले का. भावोजींना आधी प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा पाळ्या लाल झाल्या. "सांग त्यांना, खाली हाय म्हणून. जित्ता हाय." बाई वर जाऊन परत आली. आजींचा विश्वास बसत नव्हता. भावोजी मागे मागे सरकत पार कुंपणापर्यंत गेले, हात हलवले, पण पलंगावरून एवढं खाली दिसणार कसं. शेवटी त्यांनी पोल माझ्या हातात दिला, नळावर पाय धुतले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात दारातून गेले.

मी खाली बराच वेळ उभा होतो. परतताना स्कूटर चढावर आली तेव्हा भावोजी मागून म्हणाले, "माझा आवाज फार बारीक हाय म्हने. त्यांना वाटलेलं, भारदस्त असंल." मग घरापर्यंत याच गोष्टीवर रागावत राहिले. माणसाचा आवाज काचेतून कसा कळणार, आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजाचं काय, तो तर पोरीसारखा आहे. त्यानंतर दर खेपेला खालचं काम आटोपलं की ते वर जात. पोलामुळे काम लवकर उरकायचं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

या पावसाळ्यानंतर आजींना, सांभाळणाऱ्या बाईसकट, मुलाने मुंबईला नेलं. बंगल्याला कुलूप लागलं, काचांचं काम मात्र चालू आहे. मागच्या आठवड्यात आम्ही तिथेच होतो, तेव्हा सांभाळणाऱ्या बाईचा फोन आला. आजी आता उंच इमारतीत राहतात, खिडकीबाहेर दोरीच्या झुल्यावर बसून एक माणूस काचा पुसायला येतो. आजी त्याला हात करतात, डाग दाखवतात, पण तो आत बघतच नाही. म्हणून फार चिडल्यात, आणि तुम्हाला सांग म्हणाल्या.

भावोजी ऐकत राहिले. लग्नाआधी बेलापूरला ते स्वतः अशा झुल्यावर काम करायचे, हे मला ताईकडून माहीत होतं. त्यांनी स्वतः कधी विषय काढला नव्हता. आता त्या बाईला ते सावकाश सांगत होते, की झुल्यावरच्या माणसाला आत बघायची परवानगी नसते. कुणी तक्रार केली तर काम जातं. म्हणून तो बघत नाही असं दाखवतो.

"पन त्याला दिसतं," ते म्हणाले. "समदं दिसतं. आजींना सांग, हात करायचा सोडू नका."

फोन ठेवून त्यांनी पोल उचलला आणि मला पाणी सोडायला सांगितलं. वर, बंद खोलीच्या काचेवर ब्रश हळूहळू फिरू लागला.