अप्पांची पूजा आणि माझी नोकरी

सूतगिरणीच्या गेटवरची नोटीस मराठीतच होती, पण आमच्यातल्या एकालाही ती कळेना. "अपरिहार्य कारणास्तव उत्पादन स्थगित" का कायसं लिहिलं होतं. मागून एकजण वरडला, "आरं, आत जायचं का न्हाई तेवढं सांग की बे!" वॉचमन खाली बघत म्हणाला, "न्हाई." तेवढं मात्र सगळ्यांना कळलं.

दसरा नुकताच झाला होता. खंडेनवमीला आम्ही मशिनी धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घातले होते, नारळ फोडले होते, मॅनेजरनं स्वतः पेढे वाटले होते. त्याला तेव्हाच ठाऊक असणार. पेढा देताना माणूस नजरेला नजर का देत नव्हता, ते आत्ता समजलं. अरे मेल्या, निदान पेढे तरी वाटायचे नाहीस! लग्नाआधीपासून मी तिथं फिटर होतो. दुसरं काही येतच नव्हतं मला.

घाटनांदूरला घरी येऊन बायकोला सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, "दळण तरी येळेवर येईल आता." एवढं बोलून गॅसकडं तोंड करून उभी राहिली, ती वळेचना. मीही मग उगीच पिठाचा डबा हुडकायला लागलो.

अप्पांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि दुकान बंद झालं. आई त्याआधीच गेलेली. आम्ही लिंगायत. अप्पांचा उभ्या जन्माचा नेम असा, की अंघोळीशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी, भस्म, बेल वाहायचा, मग भाकरी. नेमका तोच हात गेला. मूठ जी वळली ती वळलीच. "महादेवानं नेलं ते बी नीट बघून नेलं," असं अप्पाच म्हणायचे. रोज सकाळी मी त्यांना अंघोळ घालायचो, एकेक बोट सोडवून ती मूठ उघडायचो आणि पूजा होईपर्यंत त्या तळहाताला खालून माझ्या हाताचा आधार देऊन बसायचो.

सुनेच्या हातून अंघोळ? शिव शिव! ती समोरून आली तरी अप्पा खाकरून दुसरीकडं बघायचे, ती डोक्यावर पदर घ्यायची. एक गडी ठेवून पाहिला, तर त्याला अप्पांनी चांगल्या हातानं तांब्या फेकून मारला. सगळं माझ्यावर येऊन थांबलं होतं. काम तर पाहिजेच होतं, मुलगी अंबाजोगाईला शिकत होती. पण ते काम सकाळची पूजा उरकून मोटरसायकलवर गाठता येईल असंच पाहिजे होतं. मी परगावी गेलो की अप्पा उपाशी. दुसरं काही त्यात नव्हतंच.

आधी अंबाजोगाईला कपड्याच्या एका दुकानात गेलो. मालकानं माझे हात उलटेसुलटे करून बघितले. "या हातांनी साड्या दाखवल्या तर धागे निघतील हो," म्हणाला. खरंच होतं ते. एका शाळेत रखवालदार पाहिजे होता, पण त्यांना माजी सैनिक हवा होता. मी म्हटलं, "जन्मभर रात्रपाळ्या केल्या, आणखी कसली लढाई पाहिजे?" सगळे खदाखदा हसले, चहा पाजला आणि वाटेला लावलं.

सोमवारी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलो. रांगेत पुढच्या माणसानं विचारलं, "काय मागायला आलाव?" म्हटलं, "काम." तो म्हणाला, "मी बी." मग आम्ही दोघं एकमेकांकडं असं बघायला लागलो, जणू देवाकडं एकच जागा खाली होती. दर्शन झालं. देव काही बोलला नाही, पण डोकं टेकवल्यावर जरा हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

मग सगळे म्हणाले, साहेबांना भेट. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांचा वाढदिवस होता, आणि आमच्याकडं पुढाऱ्याकडं रिकाम्या हातानं कोणी जात नाही. मीही हार आणि शाल घेऊन रांगेत उभा राहिलो. हार घालता घालता म्हणालो, "साहेब, गिरणी बंद पडली, कुठं तरी काम..." साहेब कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "होऊन जाईल." फोटो निघाला, मला पुढं ढकललं.

चार दिवसांनी स्टँडवर भला मोठा फ्लेक्स लागला. वर साहेब आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत मी, दात काढून हसणारा. बायको मुद्दाम बघून आली. "लग्नात बी इतका चांगला फोटो आला न्हवता तुमचा," म्हणाली.

लगेच दुसऱ्या दिवशी शेजारच्या खेड्यातला एक म्हातारा दारात. "साहेबांजवळ तुमचं लई वजन हाय म्हणं. आमच्या पोराला कुठं तरी चिकटवा." अप्पा बाजेवर पडल्या पडल्या हसायला लागले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना. वाकड्या झालेल्या तोंडानं म्हणाले, "आधी ह्याला चिकटवा, मग तुमच्या पोराला." म्हातारा चहा पिऊन गेला, पण जाताना मला हात जोडूनच गेला. त्याला ती थट्टाच वाटली.

आणि मग काम मिळालं. केजच्या रस्त्याला एका जिनिंगमध्ये कापसाच्या हंगामासाठी फिटर पाहिजे होता. मॅनेजरनं मशीनपुढं उभं केलं, काम बघितलं, म्हणाला, "सोमवारपासून या. नऊला." नऊला! म्हणजे अंघोळ, पूजा, भाकरी, सगळं उरकून आरामात. मी रस्ताभर गाणी म्हणत घरी आलो. त्या रात्री बायकोनं शेवयांची खीर केली.

सोमवारी गेलो तर मॅनेजर गेटवरच उभा. "तुमी साहेबांचे निघालाव. मालकानं स्टँडवरचा बोर्ड बघितला. आमचे मालक दुसऱ्या गटाचे, अन् इलेक्शन तोंडावर आलंय."

"मी कुणाचाच न्हाई हो! मी काम मागायला गेलतो तिथं!"

"मग फोटो कावून काढला?"

काय सांगणार, कपाळ? वर हसलोही होतो. तो फ्लेक्स फाडूनच टाकावा म्हणून तसाच स्टँडवर गेलो, तर चौघांनी रामराम घातला, एकानं उठून बसायला जागा दिली. गुपचूप मागं फिरलो. गावाबाहेर गाडी उभी केली, बांधावर बसलो आणि बाईमाणसासारखा रडलो. महादेवालाही सोडलं नाही. म्हटलं, तुझी पूजा व्हावी म्हणूनच जवळचं काम मागत होतो ना रे? तुला नको असेल तर तसं सांग.

थोड्याच दिवसांत गिरणीतल्या जुन्या सोबत्याचा फोन आला. तो चाकणला एका कारखान्यात लागला होता. "जागा हाय. परवापर्यंत ये, न्हाईतर दुसरा घेतेत." मी ओसरीत उभा राहून बोलत होतो. म्हणालो, "अप्पांना सोडून न्हाई जमत बाबा. दे दुसऱ्याला." अप्पा बाजेवर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोपलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवून बादली घेऊन आलो. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. चांगल्या हातात रात्रीची शिळी भाकरी होती आणि ते चावत होते. अंघोळ नाही, कपाळाला भस्म नाही, डावी मूठ मांडीवर तशीच वळलेली. भाकरीची दुरडी बाजेवरून त्यांच्या हाताला लागत नव्हती. रात्री कधी तरी सरकत सरकत जाऊन त्यांनी ती जवळ ओढली असणार.

"अप्पा! हे काय केलं?"

"भूक लागलती."

घास गिळवत नव्हता त्यांना. गालात नुसता इकडून तिकडं फिरवत होते. तापात फणफणले तरी, आई गेली त्या दिवशीसुद्धा, पूजेआधी त्यांनी पाणी घेतलं नव्हतं. मी ती भाकरी हातातून काढून घ्यायला वाकलो, तर त्यांनी ती घट्ट धरून ठेवली. मोठा जोर होता त्या हातात.

"लई झाली पूजा," ते म्हणाले. "आता ह्यापुढं भूक लागली की खानार. तुझं काय काम हाय हितं? जा तू चाकणला."

दारात बायको उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं तोंडात धरला होता. मी बादली खाली ठेवली, अप्पांच्या पायाशी बसलो आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. ते चावतच राहिले. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं मी निघालो.

आता चाकणला आहे. काम बरं आहे, खोलीत आम्ही चौघं राहतो, मालक वेळेवर पगार करतो. सकाळी पाळीवर जाण्याआधी घरी फोन करतो आणि दुसरं काही न विचारता आधी अप्पांचं विचारतो.

"जेवले," बायको सांगते. "उठल्या उठल्याच. भूक लागली म्हणतेत."

मी घरात होतो तोवर अप्पांना सकाळी कधी भूक लागली नव्हती.