पहिला हंडा

पाणीखात्यात पर्यावरण तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "काही नाही हो, नळाखाली बाटल्या धरते." मला फार राग आला होता. पण माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन पुढे कुणी केलं नाही.

प्लेग येऊन गेल्यावर सुरतेला स्वच्छतेचा ध्यास लागला होता. त्या लाटेत आमच्या खात्यालाही एक प्रयोगशाळा मिळाली, एक खिळखिळी जीप मिळाली आणि मी मिळाले. माझा स्वभाव मुळातच काटेकोर, घरच्यांच्या मते किरकिरा. तपासणीचे नियम मी देवपूजेसारखे पाळायची. नळाचं तोंड स्पिरिटच्या ज्योतीवर भाजून घ्यायचं, पाणी आलं की तीन मिनिटं वाहू द्यायचं, मग उकळून निर्जंतुक केलेली बाटली भरायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. ती तीन मिनिटं कशासाठी, तर नळाच्या तोंडाची घाण बाटलीत येऊ नये आणि वरून कसं पाणी येतंय ते कळावं. मी घड्याळ लावून मोजायची. आधीच्या माणसानं म्हणे कधी मोजलीच नव्हती, आणि मला त्याचा तिरस्कार वाटायचा.

होळीनंतर नवागामच्या एका गल्लीत काविळीचे रुग्ण निघाले म्हणून मला पाठवलं. सगळी वस्ती खानदेशातली, पुरुष पॉवरलूमवर, बायका घरी साड्यांचे धागे कापायच्या. गल्लीला एकच नळ, सकाळी साडेसहाला यायचा आणि सातला जायचा. माझं आजोळ धुळ्याचं, त्यामुळे अहिराणी मला नीट कळायची, बोलायला मात्र लाज वाटायची.

पाणी आलं आणि मी ते गटारात वाहू दिलं, तशी रांगेतली एक म्हातारी अंगावरच आली. "वं ताई, अर्धा तास पाणी येस, आन् तू गटारमा सोडस?"

मी नियम समजावला. ते तिनं ऐकून घेतलं आणि सरळ एक पितळी हंडा नळाखाली सरकवला. "तुले नको ना, मंग आमले घेऊ दे."

हंडा तिच्या सुनेचा होता. सून विशीचीही नसेल, सहावा महिना चालू होता. गल्लीचा रिवाजच होता की पोटुशी बाई असेल तिनं रांगेत उभं राहायचं नाही, पहिला हंडा तिचा. भांडणं किती झाली, कुणी कुणाच्या झिंज्या ओढल्या, तरी हा नेम मोडत नसे. म्हातारीनं अभिमानानं सांगितलं, "दोन जीवनी शे ना ती." मला ते फार आवडलं. घरी येऊन मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

तीन मिनिटं झाल्यावर मी बाटली भरली. मग थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. पाणी छान पिवळं झालं. सून उंबऱ्यात बसून बघत होती. तिनं विचारलं, "ताई, पाणी चांगलं शे ना? दवाखानावाली सांगे का उकळीसन पेवो. पण रॉकेल पुरत नही."

मी नळी तिच्यापुढे धरली. म्हटलं, "हे बघ, पिवळं झालं म्हणजे औषध आहे पाण्यात. उकळायची काही गरज नाही."

ती हसली. सासूला हाक मारून तिनं तेच सांगितलं, माझ्याच शब्दांत. आपलं म्हणणं कुणी असं लगेच मानलं की बरं वाटतं. मलाही वाटलं.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेनं नमुना उत्तम ठरवला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा उत्तम. साहेब खूश झाले. "बेन, पाणी बराबर छे ने? तो लखी नाखो." मी लिहून टाकलं: पाणी पिण्यास योग्य. रुग्ण वाढत होते, त्याचा दोष मी बर्फाच्या गोळ्यांवर आणि हातगाडीवरच्या पाणीपुरीवर टाकला. त्या लोकांचे पगार काय, ते पाणीपुरी खाणार किती, असा साधा विचारही मनात आला नाही.

तिसऱ्यांदा गेले ते मे महिन्यात. नळाखाली पहिला हंडा आधीच लावलेला होता, पण तो ॲल्युमिनियमचा होता. बाजूला दुसरीच एक पोरगी पोटावर हात ठेवून उभी होती. म्हातारी ओट्यावर होती. मी विचारलं, "सून कुठे? माहेरी गेली का बाळंतपणाला?"

बायका म्हातारीकडे बघू लागल्या. मग म्हातारीनंच सांगितलं. आधी डोळे पिवळे झाले, मग भ्रमात बडबडायला लागली. दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी गेली. पोटातलंही गेलं.

तेवढ्यात नळाला घरघर लागली आणि पाणी आलं. सवयीनं मी घड्याळाकडे पाहिलं. धार हंड्यात पडत होती. मी जे पाणी टाकून देत होते, ते या गल्लीत कुणी टाकून देत नव्हतं. माझी बाटली भरेपर्यंत माझ्याच डोळ्यांदेखत ते म्हातारीच्या सुनेच्या हंड्यात गेलं होतं, दोन्ही वेळा. पाइप गटारातून गेलेला, दिवसभर रिकामा. रिकामा फुटका पाइप आजूबाजूची घाण ओढून घेतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. ती घाण पहिल्या धारेबरोबर बाहेर येते.

मी हंड्यातलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. रंग आला नाही. दिसायला ते स्वच्छच होतं, वासही नव्हता. तीन मिनिटांनी धारेचं पाणी घेतलं, ते लगेच पिवळं झालं. दोन नळ्या हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. बायका जवळ आल्या.

सांगणं भाग होतं, कारण ती दुसरी पोरगी हंडा उचलायला वाकली होती. मी म्हणाले, "ते पिऊ नकोस. पहिलं पाणी खराब येतं. आधीचे चार-पाच हंडे धुण्याला काढा आणि पिण्याचं उकळून घ्या."

पोरीनं हंडा ओतून दिला आणि कुणी न सांगता रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. म्हातारी मात्र नळ्यांकडेच बघत होती. एकीकडे, मग दुसरीकडे. तिला कळायला वेळ लागला, आणि तिला कळू नये असं मला मनापासून वाटत होतं.

"मंग तिले आम्हीच दिधं का हाई पाणी?" ती म्हणाली.

"नाही मावशी," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं. "पाणी चांगलं आहे, उकळू नको, असं मी सांगितलं तिला. चूक माझी आहे."

तिनं शिव्या द्याव्या, अंगावर यावं, पहिल्या दिवशी आली होती तसं. मी त्याचीच वाट बघत होते. पण तिनं नुसती मान हलवली.

"तू नुसतं सांगेल व्हतं, ताई," ती म्हणाली. "हंडा रोज मीच तिले भरी दिधा."