अपडेटचा मुहूर्त

आमच्या कॉम्प्युटरनं मान टाकली ती ऐन दसऱ्याच्या मुहूर्तावर, आणि तो मुहूर्त मी स्वतः काढला होता.

बिचारा किती दिवस 'अपडेट करा, अपडेट करा' म्हणत होता. पण पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात आम्ही नवा बनियनसुद्धा घेत नाही, अपडेट कुठून घेणार! मग नवरात्र लागलं. म्हटलं, एवढं थांबलोय तर आता दसराच साधू.

"बाबा, माझा थीसिस आहे त्यात," माझी मुलगी केतकी म्हणाली. "आज दुपारपर्यंत गाइडना मेल करायचाय. आधी पेन ड्राइव्हमध्ये घेऊ?" (भैरवगढच्या कापडावरच्या छापकामावर पोरीनं डोळे फोडून लिहिला होता तो!)

"कशाला? घरचाच कॉम्प्युटर आहे. पळून कुठे चाललाय!"

अंघोळ करून मी त्याची यथासांग पूजा केली. स्क्रीनला हळदकुंकू, माउसवर अक्षता, कीबोर्डवर नारळ, शेंडी आपल्याकडे! "आरती होईपर्यंत नारळ हलवायचा नाही हं," बायकोनं स्वयंपाकघरातून बजावलं. मी 'अपडेट'वर टिचकी मारली आणि पोहे-जलेबी खायला बसलो.

परत येऊन बघतो तर निळा पडदा, त्यावर इंग्रजी ओळी आणि आतून टूं टूं टूं! बंद करून चालू केला. टूं टूं! वायरी उपटून, फुंकर मारून परत लावल्या. टूं टूं! डबा उघडून आतली धूळ बायकोच्या पावडरच्या ब्रशनं झटकली. मग बायकोही सुरू झाली.

"थीसिस गेला ना बाबा, तर तुमचं क्षिप्रेत विसर्जन करीन!" केतकी रडकुंडीला आली होती.

"मी ढोल वाजवीन," बायको म्हणाली.

फ्रीगंज बाजारातली दुकानं दसऱ्याची बंद. शेवटी बायकोनं इंदूरला तिच्या भावाला, शेखरला फोन लावला. तो सॉफ्टवेअरवाला. (साळ्यापुढे नाक घासायची वेळ आली!)

"भाऊजी, कीबोर्डवर काही ठेवलंय का?"

"छे! काही नाही!" मी ठणकावून सांगितलं. (नारळ म्हणजे काय 'काही' आहे? तो देव!)

"पक्का?"

"अरे यार, मी समोरच बसलोय ना!"

मग तो सांगेल ते बटण मी दाबत राहिलो, नारळाला धक्का न लावता, कडेकडेनं बोटं घालून. एकदा शेंडीला हात लागला तर पटकन नमस्कारसुद्धा केला. अखेर शेखर थकला. "गया काम से, भाऊजी. हार्ड डिस्क गेली वाटतं."

केतकी मटकन खालीच बसली.

"नैवेद्य तयार आहे. आधी आरती करा, मग रडा," बायको म्हणाली. केतकी हुंदके देत टाळ्या वाजवत होती. आरती आटोपली, फोडायला म्हणून मी नारळ उचलला आणि केतकीनं शेवटचं एकदा बटण दाबून पाहिलं. टूं नाही की टां नाही. कॉम्प्युटर चालू!

"बघितलंस? याला म्हणतात श्रद्धा!" मला गहिवरून आलं.

केतकीनं आधी धडाधड मेल पाठवली. मग सावकाश वळून तिनं माझ्या हातातला नारळ पाहिला, रिकामा कीबोर्ड पाहिला आणि शेवटी मला पाहिलं.

"मामाला फोन लाव," बायको म्हणाली. "स्पीकरवर."

आता आमच्याकडे मिक्सर बिघडो की गीझर, लगेच कुणी मेकॅनिकला बोलवत नाही. आधी बायको मलाच विचारते, "अहो, याची पूजा तर केली नाहीत ना?"