पुलावर दरवर्षी मरणारा हार्लन

आमच्या गावच्या लढाईत मरावं कसं, हे हार्लन ऑस्टरहाउटकडून शिकावं. बत्तीस वर्षं तो जुलैच्या दुसऱ्या शनिवारी लाल डगला घालून दगडी पुलावर उभा राहिला, आणि तिसऱ्या मिनिटाला छातीवर हात दाबून असा कोसळला की नवखे प्रेक्षक पाणी घेऊन धावायचे. एरवी हा माणूस नळदुरुस्ती करतो. हडसन नदीच्या या काठावर त्यानं ज्याच्या सिंकखाली डोकं घातलं नाही असं घर सापडायचं नाही.

१७७९ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, या पुलावर इंग्रजांची एक तुकडी आणि आमचे शेतकरी यांची अर्धा तास चकमक झाली. मोठ्या इतिहासात तिला दोन ओळीही मिळाल्या नाहीत, म्हणून आम्हीच ती दरवर्षी नव्यानं लढतो. पंचाईत अशी की ज्याला त्याला शेतकरी व्हायचं असतं आणि इंग्रजांचे लाल डगले कपाटात पडून राहतात. हार्लननं पहिला डगला उचलला तो कुणीच उचलेना म्हणून. शिवाय कुणी कधी मरायचं हे आमच्यात ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. त्यामुळे ऊन तापलं की दोन्ही बाजूंचे वीर मेपलच्या सावलीत जाऊन प्राण सोडतात. हार्लन मात्र पुलाच्या मधोमध, भर उन्हात. "पहिलाच गडी सावली शोधत गेला तर लढाईची काय अब्रू राहिली?" असं तो म्हणायचा.

यंदा मार्चमध्ये त्याचा खुबा बदलला. डॉक्टर म्हणाले, चाला, बसा, पण पडायचं नाही आणि पळायचं नाही.

जूनमध्ये जुन्या टोलनाक्यात आमची बैठक झाली. इतिहास मंडळाची कागदपत्रं तिथेच असतात आणि ती सांभाळते मी. शेतकऱ्यांचा कप्तान म्हणजे आमचा दातांचा डॉक्टर, क्लिफर्ड टेन आइक. हार्लनला गाडी चालवायची मनाई, म्हणून त्याची बायको नादीन त्याला घेऊन आली होती.

"हार्लन, तू यंदा खुर्चीवर बसून बघ," क्लिफर्ड म्हणाला.

"मला बघायचं नाही. मला लढाईत यायचंय."

"अरे, पण लाल डगलेवाले एकतर पडले नाहीतर पळाले. तुला दोन्ही जमत नाही."

"मग मला कैद करा."

"आपल्या लढाईत कैदी नव्हता. इतिहास आहे तो, तुझ्या सोयीनं बदलू का?"

हार्लन टोपी मांडीवर ठेवून तिच्या काठावरून अंगठा फिरवत बसला. या माणसाला मी भर थंडीत फुटलेल्या पाइपवर बसून शीळ घालताना पाहिलंय, त्याला असं बसलेलं बघून मला क्लिफर्डचा भयंकर राग आला. रागाच्या भरात मी लढाईची मूळ फाइल काढली, निदान तोंडावर तरी फेकता येईल म्हणून.

आमची सगळी लढाई त्या चकमकीत लढलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शपथपत्रावर उभी आहे. त्यानं पेन्शनसाठी १८३२ साली कोर्टात ते दिलं. पुढे कुणीतरी त्याची टाइप केलेली प्रत काढली आणि तेव्हापासून गावानं ती प्रतच वाचली. एकोणीस वर्षं शाळेतल्या मुलांना तीच वाचून दाखवणारी शहाणी मीच. मूळ कागद हातात आला तेव्हा दिसलं की तो पाठपोट लिहिलेला आहे. पाठची बाजू टाइप करणाऱ्यानं पाहिलीच नव्हती, आणि आम्हीही नाही.

मी मोठ्यानं वाचलं. 'त्यांच्यातला एक जण भिंतीवर बसून राहिला. म्हणाला, मी दमलो, आता मी कुठे जात नाही. पुलाजवळच्या घरातल्या बाईनं त्याची बंदूक काढून घेतली आणि त्याला ताक पाजलं.'

 क्लिफर्डनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"बरं," तो म्हणाला, "पण बाई कुठून आणायची?"

सगळ्यांनी नादीनकडे पाहिलं. ती बत्तीस वर्षं मैदानाच्या कडेला सफरचंदाचे गोड 'ॲपल पाय' विकत आली होती. नवऱ्याच्या या उद्योगाला ती पोरखेळ म्हणते.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. मग हार्लनकडे पाहून म्हणाली, "ताक मी घरचंच आणीन. दुकानातलं नको."

जुलैतल्या त्या शनिवारी ऊन रणरणत होतं. तिसऱ्या मिनिटाला सवयीनं हार्लनचा हात छातीवर गेला आणि आम्हाला वाटलं, हा आता पडतोय. पण तो वळला, सावकाश चालत पुलाच्या टोकाच्या दगडी भिंतीपाशी गेला, बसला आणि खड्या आवाजात म्हणाला, "मी दमलो. आता मी कुठे जात नाही."

नादीन मैदान ओलांडून आली. तिनं बंदूक हिसकावली, पेला त्याच्या हातात कोंबला आणि कागदात नसलेलं एक वाक्य म्हणाली, "बत्तीस वर्षं पडलास तेवढं पुरे झालं."

गाव हसून हसून आडवं झालं. सावलीतले मेलेलेसुद्धा हसले.

लढाई मात्र पुढे चालू राहिली. शेतकऱ्यांनी पूल घेतला, ढोल थांबला. क्लिफर्डनं टोपी काढून त्या दिवशी मेलेल्यांची नावं वाचली, आपली आणि इंग्रजांचीही, आणि एकेका नावाला मैदानात पडलेला एकेक माणूस उठून उभा राहिला. लोकांनी टोप्या काढल्या. हार्लन तोंड उघडं टाकून बघत होता, ताकाची मिशी तशीच ओठावर.

"हे दरवर्षी असं होतं?" त्यानं विचारलं.

"दरवर्षी. तू पालथा असतोस," नादीन म्हणाली, "आणि तुझं नाव शेवटी येतं."

त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता. "मला आपलं वाटायचं, मी मेलो की संपतं सगळं."

"तुला घरातही तसंच वाटतं," ती म्हणाली, आणि त्याचा पेला पुन्हा भरायला गेली.