वारा सुटला की रुसणारा माउस

दूर समुद्रातल्या हापाई बेटसमूहात, फोआ बेटावर कलोलाइनेला न घाबरणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि तिच्यावर जीव न टाकणाराही. बाई सत्तावन्न वर्षांची, अंगाने भरदार, खदखदून हसली की शेजारच्या आवारातली डुकरं कान टवकारतात. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं एका गृहस्थाने एकदा विचारलं होतं. त्याच्याकडून तिने अख्खं अंगण झाडून घेतलं आणि उत्तर न देताच त्याला घरी पाठवलं.

स्वतःची मुलं नसली तरी गावातलं प्रत्येक पोर वर्षातून एकदा तिच्या हाताखालून जातं. मेच्या पहिल्या रविवारी फाकामे, म्हणजे चर्चमधला मुलांचा सण असतो. त्या दिवशी मुलं नवे कपडे घालून देवळात उभी राहतात आणि पाठ केलेली वचनं म्हणतात. आया रडतात, बाप त्यांच्याहून जास्त रडतात. कोणतं मूल कोणामागून उठणार, हे बावीस वर्षं कलोलाइने ठरवत आली होती. बाहेरच्याला वाटेल, यादी ती काय, त्यात एवढं काय! पण जुळ्यांना शेजारी ठेवायचं, कुंपणावरून भांडणाऱ्या दोन घरांतली पोरं लांब ठेवायची, अडखळत बोलणाऱ्याला गीत संपतं तिथेच घालायचं म्हणजे लोक अजून खोकत-सावरत असतात. हे सगळं तिच्या डोक्यात असे. आधी ती नावं नुसती लिहून काढी, मग दोन दिवस ती वरखाली करत बसे, आणि कुठे मग तिचं समाधान होई.

गेल्या वर्षी संधिवाताने तिच्या उजव्या हाताची बोटं आखडली. हाताने लिहिलेला कार्यक्रम असा गिचमिड उमटला की वाचताना पाळकांनी एका मुलाच्या जागी त्याच्या आजोबांना उभं केलं. आजोबा उठलेसुद्धा, आणि वचन म्हणून खाली बसले. गाव पोट धरून हसलं. कलोलाइनेही हसली, पण घरी जाऊन रडली.

यंदा पाळक तिच्या दारात आले. माणूस भला, पण भल्या माणसांना कुठे काय बोलू नये हे कळतंच असं नाही.

"बाई, यंदा शहरातल्या छापखान्यात देऊ या का? ते लोक नावाच्या अक्षरांप्रमाणे लावून देतात. तुम्हालाही विसावा."

"अक्षरांप्रमाणे?" कलोलाइने म्हणाली. "पाळकबुवा, लेकरं आहेत ती. शब्दकोश नाही."

"मग शनिवारी दुपारपर्यंत मला स्वच्छ प्रत द्या. नाही जमलं, तर मात्र यंदापासून हे काम शहराकडे."

तिने मान हलवली. ऑकलंडच्या भाचीने पाठवलेला जुना कॉम्प्युटर नुकताच बोटीने आला होता. टाइप करायला एक बोट पुरे होतं, ते अजून धड होतं. नावं उचलून इकडून तिकडे न्यायला बिनवायरचा माउस होता, आणि त्याचा नखाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीत खोचलेला. सगळं दृष्ट लागण्यासारखं.

आणि दृष्ट लागलीच. सकाळी माउस शहाण्यासारखा चाले. दहा वाजले की पडद्यावरचा बाण मध्येच थिजे, दोन मिनिटांनी जागा होई, परत थिजे. अशा एका झटक्यात देवळातल्या वडीलधाऱ्या सेवकांचा नातू गीतांच्या यादीत जाऊन पडला, आणि दुसऱ्या झटक्यात तीन बहिणी सरळ आशीर्वादाच्या खाली.

कलोलाइनेने काय नाही केलं! नव्या बॅटऱ्या घातल्या. रेडिओतल्या काढून घातल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. रिसीव्हर उपसून फुंकर मारून परत खोचला. माउस चटईवर फिरवला, मग उशीवर, मग देवाची क्षमा मागून गीतपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर. शेवटी त्याला दम दिला. तिच्या दमाला गावातले दांडगे लोकही वचकतात, पण माउस ढिम्म. दुकानात वायरवाला नव्हता आणि पुढची बोट मंगळवारी. शुक्रवार उजाडला तेव्हा चौसष्टातली एकोणीस मुलं जागेवर होती.

तेव्हा तिने धाकट्या भावाला निरोप धाडला.

इनोकेने तीस वर्षं बेटाबेटांतल्या बोटीवर वायरलेस सांभाळलं होतं. लाटांमधून शब्द कसा पोचतो आणि का पोचत नाही, हे त्याला जेवढं कळे तेवढं त्या बेटावर कुणाला कळत नसे. अडचण एकच. कॉम्प्युटर होता कलोलाइनेच्या झोपायच्या खोलीत, कारण न गळणारं छप्पर आणि चालू प्लग दोन्ही तिथेच. आणि त्या बेटांच्या रीतीप्रमाणे मिशा पिकल्या तरी बहिणीच्या खोलीत भाऊ पाऊल टाकत नाही. तिच्यासमोर वाईट शब्दही काढत नाही. बोटीवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे दुसरं पहिल्यापेक्षा जड. म्हणून शिवी ओठांवर आली की इनोके खोकत असे. बहीण ते खोकले बरोबर ओळखी.

तो खिडकीबाहेर फणसासारख्या दिसणाऱ्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली, खोलीकडे पाठ करून बसला.

"ताई, माउसच्या पोटाखाली दिवा लागतोय का?"

"लागतोय. लाल."

"हलवा."

"हलवला. चालतोय... चालतोय... गेला मेला!"

"डब्याच्या अगदी जवळ आणा."

"आणला. चालतोय."

"म्हणजे हाक निघतेय, पण मध्ये कुणीतरी आडवं उभं आहे. आसपास काही धातूचं? पत्रा, डबा, घमेलं?"

"इनोके, मी झोपते त्या खोलीत घमेलं कशाला ठेवू?"

"तसं नव्हे ताई. विळा? कातर?"

"काही नाही म्हटलं ना! पुसून लख्ख ठेवलंय टेबल. आता परत गेला!"

इनोके खोकला. मग वर बघत बसला. झाडाची पानं सळसळली, आतून आवाज आला, "गेला!" पानं थांबली. "आला!" परत सळसळ, परत "गेला!" असं चार वेळा झाल्यावर म्हातारा ताठ झाला.

"ताई, खिडकी लावून घ्या."

खिडकी बंद झाली. मिनिटभराने आतून ओरडणं ऐकू आलं, "पळतोय! घोड्यासारखा पळतोय!"

"उघडा आता."

"मेला परत!"

"वाऱ्याने त्या टेबलावर काय हलतंय?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"पडदा हलतोय. माझे केस हलतायत. आणि तो हार."

"कसला हार?"

"तुझ्याच बायकोने घातलाय की! कॉम्प्युटर आला त्या दिवशी."

परीक्षा पास झालेल्याच्या, लांबून घरी आलेल्याच्या गळ्यात तिथे गोड गोळ्यांचा हार पडलाच पाहिजे. इनोकेच्या बायकोच्या, म्हणजे लेसिएलीच्या मते कॉम्प्युटर ऑकलंडहून एवढा समुद्र ओलांडून आला होता, मग त्याने काय पाप केलं होतं? तिने त्याच्या डब्यालाच हार घातला होता, पाठीवर छान लोंबेल असा.

"गोळ्या कशात गुंडाळलेल्या आहेत, ताई?" इनोकेने फार हळू विचारलं.

"कशात म्हणजे? चांदीत. चकचकीत आहेत अगदी."

इनोके इतका खोकला की झाडावरचे पक्षी उडाले.

"ताई," धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "ती चांदी म्हणजे धातूच. वारा आला की हार डुलतो आणि रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवतो. मी मघापासून घमेलं शोधतोय!"

काखेत कळसा म्हणतात तो हा. पण कलोलाइनेचा हात हाराशी अडला. पाहुण्याच्या गळ्यातला हार उतरवायचा म्हणजे घालणारीचा अपमान.

"लेसिएलीला काय वाटेल?"

"माझ्या बायकोचं मी बघतो. द्या इकडे."

हार खिडकीतून बाहेर आला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून इनोकेने तो गळ्यात घातला आणि तपासणी म्हणून एक गोळी सोलून तोंडात टाकली. नेमकी तेवढ्यात गरम केकेची टोपली घेऊन लेसिएली फाटकातून आत आली. गोड पिठाचे तळलेले ते गोळे तिने नणंदेसाठी आणले होते. ती थांबली, तिने नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय हो? या वयात कुठली परीक्षा पास झालात?"

खिडकीच्या आत कलोलाइने अशी हसली की गावाच्या त्या टोकाची कुत्री भुंकली. इनोकेला सगळं सांगावं लागलं. लेसिएली रागावली नाही. उलट उरलेल्या गोळ्या टोपलीत काढून घेत म्हणाली, "मग आधी सांगायचं नाही? मी शंखशिंपल्यांचा केला असता!"

दुपारभर माउस पळत राहिला. वारा होता, खिडकी उघडी होती, कलोलाइने केके खात नावं उचलत होती. सगळ्यात शेवटी चार वर्षांची लिटा उरली. पहिल्यांदाच उभी राहणार होती आणि फार लाजाळू. कलोलाइनेने तिचं नाव यादीच्या तळातून उचललं, वर नेलं आणि तिच्या दोन मोठ्या बहिणींच्या मध्ये ठेवलं. सोडलं. नाव तिथेच राहिलं. बाईने आखडलेले हात एकमेकांवर चोळले आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, तुझे उपकार." शाळेतल्या प्रिंटरवर काढलेली प्रत शनिवारी अकरा वाजता पाळकांच्या हातात होती.

रविवारी देऊळ ओसंडून वाहत होतं. मुलं एकामागून एक उठत होती, इनोके पुरुषांच्या बाजूला बसून सुरुवातीपासूनच रडत होता. मग मोठी बहीण वचन म्हणून थांबली आणि लिटाची पाळी आली. लिटाने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिने छताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला. तेव्हा डावीकडच्या बहिणीने तिचा एक हात धरला, उजवीकडचीने दुसरा, आणि लिटाने अख्खं वचन एका दमात, छत उडेल अशा आवाजात ठोकून दिलं. बाया ओक्साबोक्शी रडल्या. कलोलाइने मात्र हसत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या तरी हसत होती.

उपासना संपल्यावर पाळक तिच्या बाकापाशी येऊन उभे राहिले. हातात कार्यक्रमाची घडी होती.

"बाई, अक्षरांप्रमाणे लावलं असतं तर त्या बहिणी कुठे असत्या हो?"

"एक दारापाशी, एक खिडकीपाशी."

पाळकांनी घडी खिशात घातली. "मी परत शहराचं नाव काढणार नाही."

"काढून तर बघा," कलोलाइने म्हणाली, आणि लिटाला कडेवर घेऊन जेवायला निघाली.