पंतांना हात लावला तो मी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून काही लपवणं किती कठीण, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

नारायण पेठेतल्या शाळेत मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. मुलगी मुक्ता आठवीत असताना गॅलरीतल्या कढीपत्त्यावर तिला एक प्रार्थना-कीटक सापडला. हिरवा, बोटभर. पुढचे पाय सदा जोडलेले, लक्ष मात्र दुसऱ्याच्या ताटात – म्हणून नाव ठेवलं पंत. पंत मोठ्या बरणीत राहायचे, माश्या खायचे. मुक्ता त्यांना कधी पकडायची नाही. तळहात पुढे धरायची, ते आपणहून चढायचे, मनगटापर्यंत फिरून परत यायचे. पुढे कीटकांचंच शिकायचं, असं तिचं ठरलंही होतं.

मग ती दोन दिवस शाळेच्या सहलीला गेली. जाताना बजावून गेली – बाबा, पंत जेवत नाहीयेत, कात टाकणार आहेत, हात लावू नकोस. मला सांगत होती. दरवर्षी फळ्यावर ती आकृती काढणाऱ्याला. खरं सांगू? जरा लागलंच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे अण्णा पेपर परत द्यायला आले. बरणीत डोकावून म्हणाले, "मास्तर, तुमचे पंत गेले वाटतं. काडीला उलटे लटकलेत." मी म्हणालो, कात टाकताना ते तसेच लटकतात. अण्णा म्हणाले, "असं होय." त्या 'असं होय'मध्ये जे होतं, ते पुणेकरालाच ऐकू येतं. मला गप्प बसता आलं नसतं का? आलं असतं. पण मी पंतांना चिमटीत धरून अण्णांच्या नाकासमोर नेलं – हे बघा, जिवंत आहेत.

अर्धं अंग अजून जुन्या कातेत होतं. नवं अंग कणकेसारखं मऊ. पुढचे दोन्ही पाय माझ्या बोटांत वाकले, आणि तसेच वाळले. मी त्यांना काडीवर ठेवलं, झाकण लावलं, हात धुतले. अण्णा पेपर टेबलावर ठेवून निघून गेले.

मुक्ता आली तेव्हा पंतांना माशी धरता येत नव्हती. ती चिमट्याने त्यांच्या तोंडाशी घास धरायची. आठवड्याभरात ते गेले. कढीपत्त्याच्या कुंडीत त्यांना पुरून ती माझ्याजवळ आली. "बाबा, सहलीच्या आदल्या दिवशी मी हातावर घेतलं होतं. त्याने झालं का?"

तसं काही नव्हतं. तळहातावर चालू दिल्याने त्यांचं काही बिघडलं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. आणि मी – वर्गातल्या आवाजात – म्हणालो, "असेल. नाजूक जीव असतो, सारखं हाताळू नये."

ती रडली नाही. नुसती मान हलवली. दहावीनंतर कॉमर्सला गेली. अचानक काय झालं कळत नाही, असं मी चारचौघांत म्हणत राहिलो. लाज वाटते – तेव्हाही वाटायची, तरी म्हणायचो.

गेल्या महिन्यात तिच्या पाच वर्षांच्या लेकीने एक हिरवा किडा तळहातावर आणून तिच्यापुढे धरला. मुक्ताने दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्या हाताला यश नाही गं," ती हसत म्हणाली, "आजोबांना दे. कसं धरायचं ते त्यांना कळतं."

नातीने तो माझ्यापुढे धरला. आणि मी हात पुढे केला.